पहिल्या दिवशीचे पैसे: जिनिंगमधल्या एका अपघाताचं प्रकरण

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमधल्या मजुराला ईएसआय, म्हणजे कारखान्यातल्या कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होत नाही. यात मालकाची चालाखी नाही, कायदाच तसा आहे. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने बाहेर ठेवले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलंच नाव आहे कापसाच्या जिनिंगचं. पुढे गाठी बांधणाऱ्या प्रेसचं, शेंगा फोडण्याचं, साखर-गुळाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच आहे. ज्या पट्ट्यात तालुक्याच्या गावाला कारखाना म्हणजे जिनिंगच, तिथल्या मजुराला कारखान्यात काम करूनही कारखान्याच्या मजुराचा दवाखाना मिळत नाही.

त्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते सांगायला एक प्रकरण मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-वणी पट्ट्यातली एक जिनिंग-प्रेसिंग आहे. युनियनचं कागदपत्रांचं काम माझ्याकडे असल्याने बिलं, अर्ज, पावत्या माझ्या हातून गेल्या. गाव, मालक, दवाखाना आणि मजूर यांची नावं देत नाही.

हंगामात तिथे साठेक माणसं असतात. निम्मी आजूबाजूच्या खेड्यांतली, निम्मी ठेकेदाराने छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आणलेली. डीआर म्हणजे डबल रोलर मशीनवर पुरुष, प्रेसवर पुरुष, गंजीवर हमाल, आणि कापसातून कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, वेचायला बाया. त्याच आवारात मागच्या बाजूला सरकीचं तेल काढणारी ऑइल मिल आहे. ती जिनिंग बंद झाल्यावरही बराच काळ चालते.

जानेवारी २०२३

डीआर मशीनमध्ये चामड्याचे दोन रोलर फिरतात आणि त्यांना घासून पोलादी पट्टी बसवलेली असते. रोलर रुई ओढतो, सरकी पट्टीपाशी अडते आणि खाली पडते. कापूस ओला असला, किंवा त्यात पालापाचोळा जास्त असला, की मशीन चोंदतं. नियमाप्रमाणे मशीन थांबवून तो गुंता काढायचा. पण मशीनवरच्या माणसाची मजुरी रुईच्या क्विंटलवर ठरलेली असते. थांबवलं की रुई कमी, रुई कमी की पैसे कमी. म्हणून सगळे हातानेच, चालू मशीनमधून, बोटांच्या टोकांनी तो ओढून काढतात. नवा माणूस पहिल्या आठवड्यात हेच शिकतो. फिरत्या भागांना जाळी असावी असं तेव्हाचा कारखाने कायदा सांगत होता. इथे ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

रात्रपाळीत ३५ वर्षांच्या एका मजुराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. गावातलाच माणूस, दोन एकर कोरडवाहू, हंगामात जिनिंग, बाकी वर्षभर मिळेल ते काम.

१०८ आली. ग्रामीण रुग्णालयात पट्टी बांधून, इंजेक्शन देऊन यवतमाळच्या सरकारी मेडिकलला जायला सांगितलं. तिथे उपचार जवळपास फुकट झाला असता. पण जिनिंगच्या सुपरवायझरने घरच्यांना सांगितलं की सरकारीत नंबर लागेपर्यंत हात सडेल, अमुक खाजगी दवाखान्यात हाताचा डॉक्टर आहे. घरच्यांनी गाडी तिकडे वळवली. नंतर अनेकांनी त्यांना नावं ठेवली. मला ते पटत नाही. नवऱ्याच्या हातातून रक्त गळत असताना पहाटे तीन वाजता कोणता दवाखाना कोणत्या योजनेत आहे हे बायकोने तपासावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्या कुटुंबाकडे केशरी रेशन कार्ड होतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचं संरक्षण होतं, पण ते योजनेला जोडलेल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या शस्त्रक्रियांपुरतंच. हा खाजगी दवाखाना जोडलेला नव्हता. काउंटरवर सांगितलं, आधी ५० हजार भरा, मग ओटी. मालकाने १० हजार पाठवले, आणि ते मजुरीच्या वहीत 'उचल' म्हणून लिहिले. साळ्याने थोडे दिले. बाकीच्यासाठी दुसऱ्या दिवशी बायकोचं डोरलं सोनाराकडे गेलं, आणि ६० हजार गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचने आले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के. एकूण बिल दीड लाखाच्या आत-बाहेर झालं, त्यात शस्त्रक्रियेपेक्षा खोलीभाडं, औषधं आणि परत-परतच्या ड्रेसिंगचाच वाटा मोठा होता.

मी भेटायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बोटं गेले ते गेले भाऊ. माह्या बाईचं डोरलं तेवढं सोडवा आधी."

कायद्यात काय मिळतं, आणि कधी

ईएसआय नसलेल्या ठिकाणी नोव्हेंबर २०२५पर्यंत १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. तो जुना असला तरी नीट वाचला तर मजुराच्या बाजूचा होता. कामावर असताना इजा झाली की भरपाई मालकाने द्यायची, चूक कोणाची ते सहसा पाहायचं नाही. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. आणि भरपाईशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्चही मालकाने परत द्यायचा असतो. हे शेवटचं कलम आमच्या भागात बहुतेक मजुरांना माहीतच नाही.

भरपाईचा हिशोब असा. एका हाताची तीन बोटं गेली तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलेलं होतं. पगार महिना १२,००० धरू. त्याचे ६० टक्के ७,२००. वय ३५ असेल तर गुणक १९७.०६. गुणाकार १४,१८,८३२, त्याचे ३० टक्के म्हणजे ४ लाख २५ हजारांच्या थोडं वर.

मालकाने मुनीमासोबत शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर पाठवला होता. ५० हजार रोख, आणि 'माझी काही तक्रार नाही'. घरच्यांची सही करायची तयारी झाली होती, कारण सावकाराचा पहिला महिना भरत आला होता. असा कागद कायद्यापुढे टिकत नाही. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो, आणि तडजोड करायचीच तर ती कामगार न्यायालयात, आयुक्तांसमोर नोंदवावी लागते. पण सही झाली की माणूस खचतो, पुढे लढायला येत नाही. त्या आठवड्यात युनियनने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे ती सही थांबवली.

दावा यवतमाळला दाखल केला. मालकाकडे मजूर भरपाईची विमा पॉलिसी होती, पण प्रीमियम वाचवायला मजूर कमी दाखवलेले होते आणि ठेकेदाराची माणसं त्यात नव्हतीच. विमा कंपनीने हरकत घेतली. तारखा पडत गेल्या. रक्कम जमा झाली ती अपघातानंतर सोळा महिन्यांनी. उपचाराच्या खर्चापैकी पक्क्या बिलाच्या पावत्या होत्या तेवढेच परत आले. मेडिकलवाल्याने चिठ्ठीवर लिहून दिलेली औषधं गेली ती गेलीच.

आता सावकाराचा हिशोब बघा. ६० हजारांवर शेकडा पाचने सोळा महिन्यांचं नुसतं व्याज ४८ हजार. कायद्यात उशिराबद्दल व्याज आहे, वर्षाला १२ टक्के. त्याच ६० हजारांवर ते सोळा महिन्यांचं होतं ९,६०० रुपये. मधले ३८ हजार त्याला कुठूनच परत मिळाले नाहीत. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो. भरपाईची रक्कम बऱ्यापैकी होती. ती सोळा महिने आधी हवी होती, आणि त्यातले पहिले ५० हजार पहाटे तीन वाजता काउंटरवर हवे होते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाचे २० रुपये त्याच्या खात्यातून कापले गेलेले होते. आम्ही बँकेत विचारून आलो. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर एक लाख मिळतात. तीन बोटांना काही नाही.

युनियनच्या बैठकीतला वाद

मार्चमध्ये हंगाम उतरणीला लागला तेव्हा बैठक घेतली. पुरुषांची मागणी ठरल्यासारखी होती: अपघात विमा आणि मजुरीवाढ. तेव्हा कवडी वेचणाऱ्यांतली एक वयस्कर मावशी उभी राहिली.

"यायचं बोट तुटलं त तुमी धावले. आमी दोन हंगाम झाले खोकलून राह्यलो, त्याचा कोनी कागद नाई बनवला."

जिथे बाया बसतात तिथे दिवसभर तंतू उडत असतो. भुवयांवर, पापण्यांवर पांढरा थर बसतो, तोंडाला पदर गुंडाळलेला असतो आणि संध्याकाळी तो नाकापाशी काळपट झालेला असतो. कापसाच्या धुळीने छाती भरते आणि दम लागतो, हा ओळखला गेलेला व्यवसायरोग आहे, आणि तो नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही होता. पण तो सिद्ध करायला वर्षानुवर्षांच्या कामाची नोंद लागते, आणि हंगामी बाईचं नाव दरवर्षी नव्या वहीत नव्याने चढतं.

बायांचं म्हणणं मजुरीच्या हिशोबातलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, पण केंद्र सकाळी उघडतं आणि पाळीही सकाळीच सुरू होते. गेलं की अर्धी रोजी बुडते. म्हणून त्या संध्याकाळी बाजारातल्या डॉक्टरकडे जातात, तिथे सुई आणि गोळ्यांचे दोनशे-तीनशे जातात. महिन्यातून दोनदा झालं तरी तेवढ्यात दीड दिवसाची मजुरी गेली. अपघात पाच वर्षांत एखादा होतो. हे दर महिन्याला होतं.

पुरुषांना हे सुरुवातीला आडवळण वाटलं. दोन बैठका त्यात गेल्या, आवाज चढले, एकदा बाया उठून निघूनही गेल्या. शेवटी मागणीपत्रात दोन्ही गोष्टी आल्या आणि मजुरीवाढ तिसऱ्या नंबरवर गेली. तो निर्णय सोपा नव्हता. कापूस उत्पादक पट्ट्यात कोणत्याही संघटनेला रोख वाढ मागणं सोपं असतं, कारण तिचा फायदा शनिवारच्या हप्त्यातच दिसतो.

करार कसा झाला

इथे एक कायदेशीर अडचण होती. महाराष्ट्रात १९७१च्या कामगार संघटना मान्यता कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त युनियन व्हायचं तर अर्जाच्या आधी सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व दाखवावं लागायचं. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळा तापायला लागला की संपतो. सहा महिने सलग सभासद दाखवायला तेवढे महिने कारखान्यात माणूसच नसतो. त्यामुळे जिनिंगमधल्या युनियनला मान्यता मिळणं जवळजवळ अशक्य. मान्यता नाही म्हणून मालक बोलायला बांधील नाही.

आम्ही नोव्हेंबर २०२३ पर्यंत थांबलो. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत लागल्या आणि चौदा दिवसांची संपाची नोटीस दिली. शेतकऱ्याला त्रास होईल याची आम्हाला जाणीव होती, मजुरांतले बरेच स्वतःच शेतकरी आहेत. म्हणून नोटिशीची प्रत गाडीवाल्यांनाही वाटली, कारण लिहून. संप करावा लागला नाही.

मालक म्हणाला, चार-पाच महिन्यांच्या हंगामावर बाराही महिन्यांचा दवाखाना मागता, मला परवडेल कसं? त्यावर आम्ही त्याच्याच वहीतला हिशोब मांडला. समजा ईएसआय लागू असतं, तर मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, म्हणजे १२ हजारांवर महिना ३९० रुपये. साठ माणसांचे २३,४००. हंगाम पुरता सहा महिन्यांचा धरला तरी १ लाख ४० हजार. एका मजुराच्या तीन बोटांपायी त्याच्यावर जी जबाबदारी आली, ती साठ जणांच्या तीन हंगामांच्या वर्गणीएवढी होती. मालक हिशोबी माणूस आहे. या आकड्यानंतर बोलणं पुढे सरकलं.

करार डिसेंबरमध्ये झाला, आणि तो सरकारी कामगार अधिकाऱ्यासमोर, समेट कार्यवाहीत व्हावा यावर आम्ही अडून बसलो. फाटकात बसून केलेला खाजगी करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेटातला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना, आणि नंतर कामाला लागणाऱ्यांनाही लागू होतो. जिथे दर हंगामाला निम्मी माणसं नवी असतात, तिथे या फरकावरच सगळं अवलंबून आहे.

मुदत तीन वर्षांची. ठरलं ते असं: कामावर इजा झाली की दवाखान्याची पहिली अनामत, ५० हजारांपर्यंत, मालक त्याच दिवशी थेट दवाखान्यात भरेल आणि ती उचल धरली जाणार नाही. विमा पॉलिसीत ठेकेदाराच्या माणसांसह सगळ्यांची नावं आणि उपचाराचा खर्च, दोन्ही असतील. योजनेला जोडलेल्या जवळच्या दवाखान्यांची यादी आणि गाडीवाल्याचा फोन नंबर फाटकावर लावला जाईल. आरोग्य केंद्रात जायला महिन्यातून दोनदा अर्धा दिवस भरपगारी सुटी. महिन्यातून एकदा डॉक्टर आवारात येईल. मशीनची जाळी काढली तर सुपरवायझर जबाबदार. मजुरीवाढ मागितल्याच्या निम्म्याहून कमी मिळाली.

याशिवाय सभासदांनी स्वतःचा एक कोष काढला, हंगाम चालू असताना आठवड्याला वीस रुपये. ही कल्पना काही आमची नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला, पीक घरात आल्यावर वर्गणी द्यायची या रीतीने. ज्या महिन्यात हातात असतं त्या महिन्यात घ्यावं, हे आम्ही तिथून उचललं. हे पैसे मालकाचा फोन लागत नाही अशा रात्रीसाठी आहेत.

पुढचे दोन हंगाम

२०२४-२५च्या हंगामात प्रेसवर एकाच्या पायावर रुईची गाठ पडली. पक्की गाठ १७० किलोची असते. पायाची दोन हाडं मोडली. या वेळी फाटकावरची यादी बघून त्याला योजनेतल्या दवाखान्यात नेलं. तोवर, जुलै २०२४ पासून, योजना राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू झाली होती आणि संरक्षण पाच लाखांचं झालं होतं. शस्त्रक्रियेचे पैसे लागले नाहीत. योजनेबाहेरच्या खर्चासाठी मालकाने अनामत संध्याकाळपर्यंत भरली. सावकाराकडे कोणी गेलं नाही. माझ्या मते युनियनचं यश मोजायचं तर या एका गोष्टीने मोजावं.

सगळंच जमलं असं नाही. डॉक्टर पहिल्या हंगामात चार वेळा आला, दुसऱ्यात दोनदा. अर्ध्या दिवसाची सुटी बाया घेतात, पण ठेकेदाराकडच्या बाया घ्यायला घाबरतात, पुढच्या वर्षी बोलावणार नाही म्हणून. आणि परराज्यातल्या मजुराचं रेशन कार्ड त्याच्या गावचं असतं. आयुष्मान कार्ड असेल तर इथे चालतं, पण ते काढलेलं असेलच असं नाही.

ईएसआयची मागणी आम्ही सोडलेली नाही. त्याच आवारातली ऑइल मिल हंगामापलीकडे चालते, तेव्हा हा कारखाना निव्वळ हंगामी कसा, असा अर्ज नागपूरच्या कार्यालयात दिला आहे. मालकाचं म्हणणं, मिल वेगळ्या भागीदारीत आहे आणि तेल काढणं जिनिंगला जोडूनचंच काम आहे. निर्णय व्हायचा आहे. मी सभासदांना हेही सांगतो की ईएसआय आलं म्हणजे सगळं मिटलं असं नाही. त्याचं नागपूरचं रुग्णालय सोमवारी पेठेत, इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. आजारपणाचा रोख भत्ता ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो, आणि आमचा मजूर आजारी पडतो जानेवारीत, धुळीत बसून. तरी ईएसआयमध्ये विमाधारकाच्या उपचाराला खर्चाची मर्यादा नाही आणि त्याच्या रुग्णालयात काउंटरवर कोणी अनामत मागत नाही. तेवढ्यासाठी लढायला हवं.

कराराची मुदत डिसेंबर २०२६ ला संपते. नव्या मागणीपत्राचं काम सुरू आहे. ठेकेदाराची गाडी आली त्याच दिवशी नव्या माणसांची नावं विमा कंपनीला कळवायची आणि त्याची प्रत युनियनला द्यायची, ही मागणी पुरुषांनी घातली आहे. बायांनी दोन घातल्या: हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी छातीची तपासणी, आणि तिचा कागद मालकाकडे न ठेवता ज्या बाईचा आहे तिच्या हातात.